परवडणारा पहारेकरी

माणसाला घर आधी मिळालं की चोर आधी, हा प्रश्न इतिहासकारांनी अजून हाती घेतलेला दिसत नाही. माझा आपला अंदाज असा की, दोघंही एकाच आठवड्यात आले असावेत. घराला दार लागलं, दाराला कडी लागली आणि कडी लावून माणूस चार पावलं पुढे गेला, तोच त्याच्या मनात पहिला नागरी विचार आला: 'कडी नीट लागली होती ना?' मानवी संस्कृतीचा पुढचा सगळा प्रवास म्हणजे या एका प्रश्नाचं उत्तर शोधण्याचा खटाटोप. त्या उत्तराचं आजचं रूप म्हणजे उकडीच्या मोदकापेक्षा थोडा मोठा, पांढराशुभ्र, दीड-दोन हजार रुपयांत मिळणारा आणि टीव्हीच्या बाजूला बसून आपल्याकडे टक लावून बघणारा घरातला कॅमेरा.

आमच्या घरी असा कॅमेरा घ्यायचं ठरलं तेव्हा चिरंजीवांनी पाच मिनिटांत मोबाईलवर बावीस नमुने काढून दाखवले. पण मी पडलो बँकेतला कारकून आणि वाणिज्य शाखेचा पदवीधर. 'मागील पानावरून पुढे' असं लिहिलेलं असल्याशिवाय मला कुठलंच पान पुढे नेता येत नाही. तेव्हा म्हटलं, आधी पहाऱ्याचं खातं उघडून मागची शिल्लक तपासू, मग दोन हजार खर्ची टाकू.

मागची शिल्लक निघाली ती थेट रोमपर्यंत. इसवी सनापूर्वी 390 च्या सुमारास गॉल टोळ्यांनी रोम शहर घेतलं आणि उरलेसुरले रोमन कॅपिटोल टेकडीवर जाऊन बसले. एका रात्री गॉल शिपाई कडा चढून वर आले. पहारेकऱ्यांना डुलकी लागलेली; कुत्र्यांनी हूं की चूं केलं नाही. ओरडले ते जूनो देवीच्या देवळातले राजहंस. त्या कलकलाटाने मॅन्लियस नावाचा गृहस्थ जागा झाला, धावला आणि त्याने चढून आलेल्या पहिल्या गॉलला कड्यावरून खाली ढकलला, असं लिव्ही हा इतिहासकार सांगतो. पुढे रोममध्ये वर्षातून एकदा राजहंसाला पालखीत मिरवत आणि कुत्र्यांना शिक्षा करत, असंही जुने लेखक लिहून गेले आहेत. म्हणजे कर्तव्यात कसूर झाली पणजोबांकडून आणि चौकशी चालली पणतवंडांची. आमच्या ऑडिटची पद्धत नेमकी कुठून आली, ते मला त्या दिवशी कळलं.

राजहंस पाळणं सगळ्यांनाच परवडत नाही. म्हणून रोमनांनीच पुढे स्वस्त मार्ग काढला. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलेलं पॉम्पेई शहर खणून काढलं, तेव्हा एका घराच्या प्रवेशद्वारात, जमिनीवर, रंगीत खड्यांत जडवलेलं काळ्या कुत्र्याचं चित्र मिळालं. गळ्यात पट्टा, दात विचकलेले आणि खाली लॅटिनमध्ये अक्षरं: कुत्र्यापासून सावध. चित्रातल्या कुत्र्याला भाकरी लागत नाही, तो शेजाऱ्याला चावत नाही आणि घरमालक परगावी गेला तर त्याला कुणाकडे ठेवावंही लागत नाही. आज बाजारात नुसता लाल दिवा लुकलुकणारा, आत काहीच नसलेला, दोन-अडीचशे रुपयांचा खोटा कॅमेरा मिळतो, तो या पॉम्पेईच्या कुत्र्याचाच वंशज. आमच्या हिने तोच सुचवला होता. मी म्हटलं, चोराला फसवणं ठीक आहे, पण आपल्याला चोराला भिववायचं नसून घरात काय चाललंय ते बघायचंय. त्यावर ती म्हणाली, "मग संध्याकाळी वेळेवर घरी या." हा मुद्दा इतिहासाच्या कक्षेबाहेरचा असल्यामुळे मी पुढे सरकलो.

आपल्याकडची परंपराही कमी नाही. रायगडाचे दरवाजे संध्याकाळी बंद झाले, ते उघडायचा हुकूम नव्हता, तेव्हा घरी तान्हं बाळ असलेली हिरकणी गवळण अवघड कडा उतरून गेली, ही आख्यायिका आपल्याला पाठ असते. पण तिचा उत्तरार्ध आपण मायेच्या भरात विसरतो. महाराजांनी तिचा गौरव तर केलाच, शिवाय ती उतरली त्या जागी बुरूज बांधून घेतला. म्हणजे बाईला साडीचोळी आणि वाटेला बंदोबस्त! आजच्या भाषेत याला सुरक्षेची तपासणी म्हणतात आणि त्यासाठी कंपन्या लाखो रुपये घेतात.

पुढचा काळ कुलपांचा. 1818 साली इंग्लंडमध्ये जेरेमाया चब याने असं कुलूप काढलं की, कुणी चुकीची किल्ली किंवा आकडा घालून खुडबुड केली तर ते अडकून बसे आणि मालकाने आपली किल्ली घातली की त्याला कळे, कुणीतरी येऊन गेलंय. नुसतं अडवणारं नव्हे, चुगली करणारं कुलूप! आज मोबाईलवर 'घरात हालचाल आढळली' असा निरोप येतो, त्याचा हा खापरपणजोबा. लंडनमध्येच ब्रामा कंपनीने आपलं कुलूप दुकानाच्या खिडकीत ठेवून 'उघडून दाखवणाऱ्यास 200 गिनी' अशी पाटी लावली होती. कित्येक वर्षं ते कुणाला दाद देईना. 1851 च्या मोठ्या प्रदर्शनासाठी हॉब्ज नावाचा अमेरिकन कुलूपवाला आला. त्याने चबचं कुलूप अर्ध्या तासाच्या आत उघडलं आणि ब्रामाचं सोळा दिवसांत मिळून एकावन्न तास खपून. सगळ्या लंडनची झोप उडाली. आपल्याकडे 1897 साली मुंबईत लालबागला आर्देशीर गोदरेज यांनी कुलपं करायला घेतली, तोवर जगाला एक गोष्ट कळून चुकली होती: न उघडणारं कुलूप नसतं, ते किती वेळ उघडत नाही, एवढाच प्रश्न असतो.

मग वीज आली. 1853 साली बॉस्टनजवळच्या ऑगस्टस पोप यांनी, दार किंवा खिडकी उघडताच घंटा वाजेल अशा विजेच्या यंत्राचं पेटंट घेतलं. पुढे एडविन होम्स यांनी ते विकत घेऊन त्याचा धंदा केला. पण घंटेने कळायचं ते इतकंच की, कुणीतरी आलंय. कोण आलंय, हे बघायला डोळा हवा होता. तो डोळा सुरुवातीला लावला गेला तो घरात नव्हे. 1942 साली जर्मनीत पेनेम्युंड इथे रॉकेटची उड्डाणं दुरून, जीव सांभाळून बघता यावीत म्हणून वाल्टर ब्रुख या अभियंत्याने कॅमेरा आणि पडदा तारेने जोडले. रॉकेटपासून दूर राहण्यासाठी काढलेली युक्ती पुढे पाहुण्यांपासून दूर राहण्यासाठी वापरली जाईल, असं त्याच्या स्वप्नातही आलं नसेल.

आता या खात्यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी नोंद. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात मारी व्हॅन ब्रिटन ब्राऊन नावाची नर्स राहत होती. नवरा आल्बर्ट इलेक्ट्रॉनिक्सचा तंत्रज्ञ. दोघांच्या कामाच्या वेळा आडनिड्या, वस्तीत गुन्हे फार आणि पोलीस बोलावले तर सावकाश येणार. अवेळी दार वाजलं की घरात एकटीने काय करायचं? या बाईने हातावर हात ठेवून न बसता, 1 ऑगस्ट 1966 रोजी नवऱ्याबरोबर पेटंटचा अर्ज केला. दारात वेगवेगळ्या उंचीवर चार भोकं; एक उंच माणसासाठी, एक लहान मुलासाठी, बाकीची मधल्यांसाठी. आतून वर-खाली सरकणारा कॅमेरा. झोपायच्या खोलीत पडदा. दार न उघडता बोलायची-ऐकायची सोय. एक बटण दाबलं की मदतीची हाक जाणार. दुसरं दाबलं की दार लांबूनच उघडणार. पेटंट मिळालं 2 डिसेंबर 1969 ला. आज दीड-दोन हजारांच्या कॅमेऱ्याच्या खोक्यावर 'आता नवीन' म्हणून जे छापलेलं असतं, त्यातलं निम्मं या बाईने साठ वर्षांपूर्वी कागदावर मांडून ठेवलं होतं. मोठमोठ्या प्रयोगशाळांना सुचलं नाही ते तिला सुचलं, कारण भीती तिच्या दाराशी होती.

पण तिचं यंत्र घरोघर गेलं नाही. त्या काळच्या कॅमेऱ्यात काचेची नळी असे. प्रकरण जड, नाजूक आणि महाग. मात्र योगायोग असा की, ज्या 1969 साली तिला पेटंट मिळालं, त्याच साली बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी उजेडाचं विजेत रूपांतर करून तिची मोजदाद ठेवणारी चकती सुचवली. चाळीस वर्षांनी, 2009 साली, त्यांना नोबेल मिळालं. (आमच्या बढत्यांबद्दल तक्रार करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.) पुढे 1990 नंतरच्या दशकात अमेरिकेच्या अंतराळ संस्थेसाठी काम करताना एरिक फॉसम यांनी यानात बसवायला हलका कॅमेरा हवा म्हणून दुसऱ्या, स्वस्त जातीच्या चकतीचा पाठपुरावा केला. आपल्या मोबाईलमध्ये आणि टीव्हीशेजारच्या त्या मोदकात आज बसते ती याच घराण्यातली चकती. जी ग्रहांचे फोटो काढायला निघाली होती, ती आता आमच्या पडद्याचे काढते.

राहिलं इंटरनेट. तेही घरफोडीच्या काळजीने नव्हे, तर पेयाच्या तलफेने जोडलं गेलं. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत कॉफीचं एकच भांडं होतं आणि मंडळी बसत वेगवेगळ्या मजल्यांवर. जिने तुडवत यावं तर भांडं रिकामं! 1991 साली त्यांनी भांड्यावर कॅमेरा रोखला, म्हणजे जागेवरूनच कळावं. 1993 साली ते चित्र जगाला खुलं झालं आणि देशोदेशीचे लोक त्या भांड्याकडे बघत बसले. 2001 साली कॅमेरा बंद झाला आणि ते भांडं लिलावात 3,350 पौंडांना गेलं. आमच्या शाखेत चहाच्या किटलीवर असा कॅमेरा बसवायची सूचना मी केली होती. साहेब म्हणाले, "त्यापेक्षा खुर्च्यांवर बसवू." सूचना तहकूब झाली.

तर अशी ही पूर्वपीठिका. आता प्रत्यक्ष निवड.

पहिली गोष्ट डोळ्याची. दुकानदार मेगापिक्सेल सांगतो. दोन मेगापिक्सेल म्हणजे 1920 गुणिले 1080, एकूण 20,73,600 ठिपके. आमचा हॉल दहा बाय चौदा. त्यातल्या माणसाचा चेहरा ओळखायला एवढे ठिपके पुष्कळ झाले. उगाच जादा ठिपके घेतले तर साठवणही जादा लागते. रात्री हा कॅमेरा आपल्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकतो आणि काळं-पांढरं चित्र घेतो. त्यात पुष्कळदा गडद कपडेसुद्धा फिके दिसतात. म्हणजे रात्री येणारा चोर पांढरपेशाच दिसणार! शिवाय हा डोळा खिडकीच्या काचेसमोर ठेवला तर त्याचाच प्रकाश काचेवरून उलटतो आणि त्याला बाहेरचं जग न दिसता स्वतःचाच उजेड दिसतो. असे डोळे असलेली माणसंही मी पाहिली आहेत.

दुसरी गोष्ट स्मरणशक्तीची. इथे मी कागद-पेन्सिल घेतली. चित्राचा ओघ सेकंदाला 1 मेगाबिट धरला, तर दिवसाचे 86,400 सेकंद गुणून आठाने भागले की होतात 10.8 गिगाबाइट. चौसष्टचं कार्ड सहा दिवसांत भरतं, मग जुनं पुसून नवं लिहितं. ज्या घरात चोरी झाल्याचं सातव्या दिवशी लक्षात येतं, त्यांनी एकशेअठ्ठावीसचं घ्यावं. फक्त हालचाल झाली तेवढंच टिपायला सांगितलं तर कार्ड अधिक पुरतं. पण कार्ड कॅमेऱ्यातच असतं. चोराने कॅमेराच उचलला तर पुरावाही त्याच्या घरी सुखरूप पोचतो. त्यावर उपाय म्हणून कंपन्या आपलं चित्रण त्यांच्याकडे, दूर कुठेतरी ठेवून देतात, दरमहा भाडं घेऊन. महिना 150 रुपये धरले तर पाच वर्षांचे झाले 9,000. कॅमेरा 2,000 चा. याला आमच्याकडे 'मुद्दलापेक्षा व्याज जड' म्हणतात. भाडं न भरताही कॅमेरा कार्डावर चालतो की नाही, हे खोक्यावर वाचल्याशिवाय पाकिटाला हात लावू नये.

तिसरी गोष्ट विजेची. वीज गेली की कॅमेरा जातो आणि त्याच्या आधी वायफाय जातं. दोन्हींना मिळून छोटी बॅटरी जोडायची असेल, तर तिची किंमत आधीच हिशेबात धरावी.

चौथी गोष्ट किल्लीची, आणि ती सगळ्यांत महत्त्वाची. 2012 साली अमेरिकेत एका कंपनीच्या कॅमेऱ्यांतली फट कुणीतरी शोधली आणि सुमारे सातशे घरांतली, दुकानांतली दृश्यं इंटरनेटवर उघडी पडली. त्यांत झोपलेली तान्ही मुलंही होती. 2013 साली तिथल्या व्यापार आयोगाने त्या कंपनीवर कारवाई केली. 2016 मध्ये तर 'मिराई' नावाच्या किडीने असे लाखो कॅमेरे आणि यंत्रं ताब्यात घेतली. काय जादू केली म्हणता? कारखान्यातून निघताना ठेवलेले साठेक ठरावीक परवलीचे शब्द एकामागून एक घालून पाहिले! मालकांनी ते बदललेच नव्हते. 21 ऑक्टोबर 2016 ला या यंत्रांच्या फौजेने मारा केला, तेव्हा अमेरिकेतल्या मोठमोठ्या सेवा काही तास बंद पडल्या. हॉब्जला एकावन्न तास तरी लागले होते. भारतात 9 एप्रिल 2025 पासून अशा कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या तपासणीची अट आली आहे, तेव्हा खोक्यावर भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक बघावा. घरी आल्यावर परवलीचा शब्द बदलावा, मोबाईलवर दुसरी खूण मागायची सोय चालू करावी आणि ज्याची कंपनी चार वर्षांनी सुधारणा पाठवील की नाही याची शंका आहे, तो कॅमेरा पाचशेने स्वस्त असला तरी सोडावा.

एवढं सगळं जमलं. आणि मग कॅमेरा ज्यांच्यासाठी घ्यायचा होता त्या बोलल्या.

आई एकोणऐंशी वर्षांची आहे. दिवसभर घरी एकटी असते. सकाळी चार तास मदतीला मावशी येतात. गेल्या पावसाळ्यात आई दुपारी पॅसेजमध्ये घसरून पडली आणि आम्ही यायच्या आधी तासभर तशीच बसून होती. हाड वाचलं. त्या तासाचा हिशेब मला अजून जुळवता आलेला नाही. कॅमेऱ्याचं घोडं निघालं ते तिथून.

आई म्हणाली, "मी काय तिजोरी आहे, पहारा ठेवायला?"

मी म्हटलं, "अगं, तिजोरीपेक्षा जास्त आहेस."

"मग तूच सांगतोस ना, बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या लागतात म्हणून? एक एकाकडे, दुसरी दुसऱ्याकडे. माझ्या या डब्याची दुसरी किल्ली कुणाकडे?"

खासगीपण हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने दिला. आईने तो शेंगा निवडता निवडता एकटीने दिला. जॉइंट कस्टडी मान्य झाली. कॅमेरा हॉलमध्ये, तोंड पॅसेजकडे आणि दाराकडे. तिच्या खोलीत नाही. त्याच्या प्लगचं बटण तिच्या खुर्चीजवळ. भजनाच्या मैत्रिणी आल्या की ती ते बंद करणार आणि आम्ही 'का' म्हणून विचारायचं नाही.

मावशींना न सांगता लावायचा, असं एक मत घरात होतं. ते आईनेच हाणून पाडलं. मी मावशींना सांगितलं, तर त्या कॅमेऱ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "लावा की साहेब. यात बोलणंपण ऐकू येतं का?"

"येतं."

"म्हणजे मला कोण काय बोलतं, तेपण राहील ना यात?"

मी 'हो' म्हटलं. त्यानंतर घरातल्या सगळ्यांचं बोलणं एकदम सौम्य झालं आहे. इतिहासात पहारेकऱ्याने मालकावरच पहारा केल्याची ही पहिलीच नोंद नसावी. पण आमच्या घरातली ती पहिली.

आता कॅमेरा चालू आहे. पहिल्या दिवशी मोबाईलवर त्रेचाळीस निरोप आले. त्यांतले एकतीस पडद्याचे आणि बाकीचे आईचे. चिरंजीवांनी पडद्याचा भाग वगळायला शिकवल्यावर यंत्र शहाणं झालं. दुपारी काउंटरवर गर्दी ओसरली की मी एकदा बघतो. आईला ती वेळ कळलेली आहे. बरोबर त्याच सुमाराला ती पॅसेजमधून जाते, कॅमेऱ्यासमोर थांबते, पदर सारखा करते आणि पुढे जाते.

एक काम मात्र कॅमेऱ्याने होण्यासारखं नव्हतं. बँकेतून घर चाळीस मिनिटांवर. आई पडलेली दिसली, तरी मी चाळीस मिनिटं नुसता बघतच राहणार! राजहंसांनी कलकलाट केला हे खरं, पण उठून कड्यापर्यंत धावला तो मॅन्लियस. म्हणून आमच्या खालच्या मजल्यावरच्या निवृत्त नायब तहसीलदारांकडे घराची जादा किल्ली देऊन ठेवली. ते दोन मिनिटांत वर येऊ शकतात. साठवण अमर्याद, वीज लागत नाही, दरमहा भाडं नाही. रोज दुपारी चारला एक कप चहा. आई तो स्वतः करते आणि त्या वेळी कॅमेरा बंद ठेवते, कारण तहसीलदारसाहेबांना साखर मना आहे.